मामांचा शेवटचा कळप

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या पोटावर खूश असलेला माणूस अख्ख्या शिरूर-दौंड पट्ट्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. लोक पोरांच्या नोकऱ्या सांगतात, उसाचा उतारा सांगतात. मामा आपलं पोट सांगत. निमोणे गावातल्या त्यांच्या ओट्यावर कुणी टेकलं की चहाच्या आधी मामांच्या पोटाची सकाळची हकिगत यायची. मी दौंडला कारकुनी करणारा, इसबगोलावर जगणारा आणि लग्नाकार्यालाही स्वतःचं पाणी नेणारा माणूस. असला जावई म्हणजे मामांना आयतीच पर्वणी. तळेगावच्या भर बाजारात, वांग्यांच्या ढिगापलीकडून त्यांची हाक यायची, "काय जावईबापू, झालं का पोट साफ?" आणि मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकासुद्धा माझ्या उत्तरासाठी हात थांबवायच्या.

त्यांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. उमेदीत मेंढरांमागे अर्धा मुलूख पालथा घातलेले मामा पुढे कळप विकून शेतीला लागले, पण नजर मेंढक्याचीच राहिली. पोट म्हणजे वाघरीच्या जाळीने घेरलेला मेंढरांचा वाडा आणि आतले जंतू म्हणजे मेंढरं, असा त्यांचा पक्का समज. "आपुन जेवत न्हाई जावईबापू, आपुन चारा घालतो. आतल्या जित्राबाला येळेवर मिळालं की ते आपल्याला सांभाळतंय." हा चारा म्हणजे शिळी भाकरी, लसणाचा ठेचा आणि तांब्याभर ताक. गोळी त्यांनी जन्मात घेतली नाही. एका लग्नात बासुंदी नासली होती. दुसऱ्या दिवशी नवरदेवासकट सगळं वऱ्हाड सलाईनवर. मामांनी बासुंदी सगळ्यांत जास्त हाणलेली, आणि तेच सगळ्यांना भेटायला दवाखान्यात आले, वर आजाऱ्यांसाठी आणलेली केळी तिथंच बसून खाऊन गेले.

मामी याच्या अगदी उलट. चुलीपासून अंगणापर्यंत सगळं लख्ख. नवऱ्याच्या उष्ट्या तांब्यातलं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत, आणि मामांनी पोटाचा विषय काढला की पदर तोंडाला लावून आत निघून जायच्या. नेमकं त्यांच्याच पोटाचं दुखणं निघालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली, जोरकस अँटिबायोटिक चालू झालं, जखम भरली आणि जुलाब लागले. ते थांबेचनात. अंगात ताप, पोटात कळा. धडधाकट बाई अंथरुणात दिसेनाशी झाली. आम्ही त्यांना पुण्याला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासण्या केल्या आणि नीट समजावून सांगितलं. काही जंतू पोटातल्या गर्दीत एरवी दबून असतात. अँटिबायोटिकने बाकीची गर्दी मेली की ते माजतात आणि विष सोडतात. त्या विषाने आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं.

मामा पुढे सरकले. "म्हंजी औषधानं मेंढरंबी मेली आन् राखणीची कुत्रीबी. लांडगा तेवढा दडून ऱ्हायला."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

लांडग्यावरचं औषध दिलं की मामी उठून बसायच्या, थांबवलं की पुन्हा आडव्या. पुन्हा तेच झालं तेव्हा बाईंनी शेवटचा उपाय सांगितला. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासून, गाळून नळीने आजाऱ्याच्या आतड्यात सोडायची. मला घेरी यायची बाकी होती. मामांचा चेहरा मात्र उजळला. "ह्ये तर आमचंच! मेंढरानं रवंथ सोडला की आमी चांगल्या मेंढराच्या तोंडातला घास काढायचो आन् आजारी मेंढराच्या घशात सारायचो. उठून चरायला लागायचं!" बाई इतक्या खुलल्या की तिथंच त्यांची मेंढरांवर चर्चा सुरू झाली.

तपासणीला घरातले सगळे बसले. मी नापास, बायको नापास, मामांचा मुंबईचा पोरगाही नापास. वय जरा जास्त आहे म्हणत बाईंनी मामांना नाइलाजाने तपासलं, आणि सगळे रिपोर्ट चोख निघाले. मामा पेढे आणायला उठले होते, एवढ्यात मामी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी मरंन, पर ह्ये करायची न्हाई."

बाईंनी समजावलं, पोराने विनवलं. दुपारी मी डबा घेऊन गेलो तर मामांनी तो बाजूला सारला. "न्हाई जेवायचं," ते मामींना म्हणाले. "तू न्हाईस तर माजी मेंढरं कुणासाठी राखू?"

मामांनी जेवण नाकारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मामींनीही. त्यांनी डबा मामांकडे ढकलला. मग म्हणाल्या, "बरं. पर कुनाला सांगायचं न्हाई."

काही दिवसांत मामी भिंतीला धरून चालू लागल्या, मग भिंत सोडून. डोळ्यांना न दिसणारी जनावरं एका पोटातून दुसऱ्या पोटात गेली आणि मरणाला टेकलेलं माणूस उठून चुलीपुढे बसलं, हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. पण त्याहून मोठं आश्चर्य मी तळेगावच्या बाजारात पाहिलं. लोक मामांना विचारायचे, "आबा, म्हातारीला कंचं औषध लागू पडलं?" मामांचं तोंड उघडायचं. आयुष्यभर ज्या पोटाचं कौतुक गावोगाव केलं, त्याने खरोखर एक जीव वाचवला होता, आणि विचारणारा समोर उभा होता. मामा तोंड मिटायचे आणि म्हणायचे, "देवाची किरपा." माझ्या मनात या माणसाबद्दल तेव्हा जो आदर दाटला, तो मी त्यांना बोलून दाखवायला हवा होता.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. पोटभर जेवून, ताक पिऊन ओट्यावर कलंडले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. मामींनी ताट ओढून घेतलं आणि शांतपणे भाकरी मोडली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बाईला भूक बरी लागतीया." मामींनी ते ऐकलं. आणि ज्यांनी जन्मभर हा विषय टाळला त्यांनी भरल्या घरात, मान वर करून, आजारापासून नळीपर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

"शेतीला लागताना समदी मेंढरं इकली ह्यांनी," त्या म्हणाल्या. "ह्यो शेवटचा कळप माज्याकडं ठिवून गेल्यात. त्याला उपाशी ठिवून कसं चालंल?"

त्यांनी ताकाचा तांब्या उचलला. तो मामांचा होता. दोन घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, झालं का पोट साफ?"

सगळं घर माझ्या उत्तरासाठी थांबलं. मी तांब्यासाठी हात पुढे केला.