लख्ख झालेलं नाणं

बहारीनच्या मुहर्रक शहरातली ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी इथे मुलीकडे आलो आणि एका खासगी संग्रहालयात सुरक्षाप्रमुख म्हणून लागलो. रिकामा बसलो की मी घरच्यांचीच उलटतपासणी घेतो, अशी मुलीची तक्रार होती.

संग्रहात इंग्लंडचं सातशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं होतं. नखाएवढं, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे क्रूस, आणि काळंकुट्ट. त्या सकाळी ते पेटीत लख्ख चमकत होतं. संचालक म्हणाले, "खरं पळवून कोणीतरी नकली ठेवलंय."

पेटीच्या किल्ल्या दोघांकडे: नेपाळी रखवालदार आणि रेकॉर्ड सांभाळणाऱ्या पुण्याच्या ताई. रखवालदार आदल्या संध्याकाळी पेटीपाशी रेंगाळत होता, अशी खबर मिळाली. मी त्याच्या पिशवीची झडती घेतली, तीनदा जबाब घेतला. तो एकच सांगत राहिला, "साब, मैंने हाथ नहीं लगाया." संचालक म्हणाले, "खलास. उद्या याचा व्हिसा कॅन्सल." त्याच्या पगारावर गावाकडे पाच माणसं जगत होती.

झडतीत काहीच निघालं नव्हतं, ते मला खटकत होतं. दुपारी भिंग घेऊन बसलो. जुन्या फोटोत नाण्याच्या काठावर एक खाच होती. समोरच्या नाण्यावरही तीच. म्हणजे नाणं खरंच होतं. क्रूसाच्या खोबणीत पांढरी पूड दिसली. वास घेतला, तर दंतमंजन!

दिवाळी दोन दिवसांवर होती. ताईंना मी एक प्रश्नही विचारला नव्हता. आपल्या माणसाची काय चौकशी करायची? शिवाय कालच त्यांनी चकल्या आणून दिल्या होत्या.

"ताई, घरी देवाची चांदी कशानं घासता?"

त्यांचा चेहरा उतरला. "दंतमंजनानं. काका, संग्रह बघायला पाहुणे यायचे होते, काळी चांदी बरी दिसेना. मग चोरीचं नाव निघालं आणि माझं तोंडच उघडेना."

"त्याचा व्हिसा जातोय, हे माहीत होतं ना?"

त्या रडू लागल्या. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. आम्ही तसेच संचालकांकडे गेलो. ताईंना लेखी ताकीद मिळाली, रखवालदाराची नोकरी वाचली.

चकल्या खाऊन तपास करू नये, हे मी उतारवयात शिकलो. रखवालदाराची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. "कोई बात नहीं, साब," तो म्हणाला. पण त्यानंतर रोज ड्यूटी संपली की तो माझ्या टेबलापाशी थांबायचा आणि मी काही म्हणायच्या आत पिशवी उघडून दाखवायचा.