डबल घंटीशिवाय गाडी हलत नाही

आमच्या वाचनालयात पुस्तकं साठत नाहीत तेवढे किस्से साठतात. पुस्तकं निदान कपाटात बसतात हो, किस्से कुठं ठेवायचे? मी वेल्ह्याची ग्रंथपाल. नोकरीत केस पांढरे झाले. आता मला कशाचाच धक्का बसत नाही, अशी फुशारकी मी सगळीकडं मारायचे. मग ते खोकं आलं.

सोबत पत्र, 'ज्येष्ठांसाठी उपक्रम'. मला वाटलं, मोठ्या अक्षरातली पुस्तकं असणार. उघडलं तर टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम! दोन रिमोट, शिवाय गाडीच्या गेमसाठी खेळण्यातलं स्टेअरिंग आणि पायाशी ठेवायचा ब्रेक. मी पत्र तीनदा वाचलं. आमचे शिपाईकाका म्हणाले, "बाई, पत्ता चुकला आसंल."

पत्ता बरोबर होता!

*

टीव्ही आणि खोकं घेऊन मी गावोगाव निघाले. पहिला कार्यक्रम मार्गासनीला. शेतीचा गेम लावला. पडद्यावरच्या गड्यानं बी टाकलं, पाणी मारलं, की पीक तयार! मला वाटलं टाळ्या पडतील. पण कुठलं काय! एक आजोबा उठले, टोपी घातली आणि थेट दाराकडं निघाले.

"आजोबा, काय झालं?"

"चिखलणी न्हाई, लावणी न्हाई, खेकड्यानं बांध फोडला न्हाई, आन् भात वर? बाई, असल्या गड्याच्या घरी म्या सोयरीकसुदिक करणार न्हाई!"

*

गुंजवण्याला मेंढरांचा गेम लावला. खेळायला बसलेल्या बाबांचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला. पडद्यावर संध्याकाळ झाली, मेंढरं कुंपणातल्या वाड्यात आली. मी गेम बंद करायला हात पुढं केला.

"थांबा. एक कमी हाय."

"अहो बाबा, गेम आहे तो!"

बाबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हात मागं घेतला. "मेंढरू भाईर ठिवून कोण झोपतं का वो?"

शोधाशोध सुरू. अख्खी खोली पडद्याला नाक लावून बसली. शेवटी झुडपामागं सापडलं एकदाचं. तोवर वेल्ह्याची शेवटची एसटी गेली होती. मी टीव्ही मांडीवर घेऊन दुधाच्या टेम्पोतून घरी आले, आणि वाटेत ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, टीव्ही दुरुस्तीबी करता व्हय?"

*

वेल्ह्याच्या वाचनालयात नावनोंदणी चालू होती, तिथं हौसाक्का शेजारणीला घेऊन आल्या. सत्तरी पार केलेल्या. फॉर्मवर नवऱ्याचं नाव विचारलं तर आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला कोपर मारलं. "सांग की गं त्यांचं नाव!"

मी म्हटलं, "आक्का, तुम्हीच सांगा की. आता कोण रागावतंय?"

"बावन्न वर्सं झाली लग्नाला. उखाण्यात तेवढं घेतलं, तेबी सासूनं दटावलं म्हून."

शेवटी शेजारणीनंच 'गणपत' म्हणून सांगितलं. "बरं, खेळणार काय?" मी विचारलं.

"मला न्हाई खेळायचं. तुमच्याकडं गाडीचं चाक हाय म्हनं, तेवढं बघाया आले."

आक्कांचे यजमान, म्हणजे आमचे तात्या, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. पॅरालिसिसनं डावा हात लुळा पडलेला. दोन वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "जेवा म्हटलं की जेवत्यात, मग भिंतीकडं त्वांड करून पडत्यात. मानूस घरात हाय आन् न्हाईबी," आक्का म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मी म्हटलं, "चाक बघायला त्यांनाच घेऊन या."

*

आक्कांनी तात्यांना आणलं, रिक्षात घालून. रेस लावली. तीन, दोन, एक! बाकीच्या गाड्या भुर्रकन गेल्या. तात्या जागच्या जागी!

"तात्या, सुटा की!"

"डबल घंटी कुठं दिली?"

मी बघतच राहिले. आक्कांनी मात्र टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि चमच्यानं वाजवला. टिंग टिंग! गाडी हलली. पण अर्ध्या वाटेत पुन्हा थांबली. रस्त्याच्या कडेला प्रेक्षकांची चित्रं होती.

"तात्या, रेस चालू आहे!"

"मानसं ताटकळत हुबी हायती, आन् म्या मोकळी गाडी पळवू?"

शेवटून पहिले आले. पण त्या दिवशी तात्या हसले.

*

आणि पुढच्याच खेपेला घात झाला. घाटातलं वळण आलं, डावा हात चाकावरून सुटला, गाडी दरीत! गेममध्ये काय, गाडी पुन्हा वर येते. तात्या नाही आले. "आख्ख्या नोकरीत म्या गाडी कुठं घासलीसुदिक न्हाई. संपलं आता," म्हणाले, आणि घरी जाऊन परत भिंतीकडं तोंड करून पडले. आता जेवणही सुटलं. मला माझाच संताप आला. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

तीन आठवड्यांनी आक्का आल्या. "बाई, चाक लावून ठिवा. म्या चालिवणार हाय."

"तुम्ही?"

"व्हय. त्यांस्नी घिऊन येते बघाया. माझं चालिवनं त्यांच्या जिवाला सोसायचं न्हाई."

*

सोमवारी खोली गच्च भरली. तात्या दाराशी बाकावर बसले, मान खाली. आक्का चाकाशी. गाडी निघाली ती कुंपणात, कुंपणातनं झाडावर, झाडावरनं ओढ्यात!

तात्यांची मान वर आली. "आगं, रस्ता हिकडं हाय! ऊठ! ऊठ तिथनं!"

आक्का उठल्या. तात्या बसले. आक्कांनी पेला घेतला, टिंग टिंग केलं, आणि गाडी अशी सरळ निघाली की सगळे सरसावून बसले.

तेच वळण आलं. डावा हात घसरून मांडीवर पडला. गाडी दरीकडं.

आक्कांच्या हातातला पेला खण्णकन पडला.

"गणपऽऽत! ब्रेक!"

सगळ्या बायकांचे पदर तोंडाला गेले. शिपाईकाका दारात चहाचा ट्रे घेऊन तसेच उभे. आणि मी? कशाचाच धक्का न बसणारी मी खुर्चीतून ताडकन उठले!

गाडी कठड्याला टेकून थांबली होती. तात्यांचे दोन्ही हात चाकावर होते. डावासुद्धा.

तात्यांनी मान वळवली नाही. "कुनी हाक मारली?"

आक्का खाली वाकल्या, पेला उचलला, पदरानं पुसला.

टिंग टिंग.