खारीचा खाका

आमच्या दोऱ्याच्या कारखान्याची खार पेंटरकाकांनी तीस वर्षं रंगवली. दुकानांच्या पाट्या, टेम्पो, फाटक, सगळीकडे तीच झुपकेदार शेपटीची खार. जाड कागदावर सुईने भोकं पाडून त्यांनी तिचा खाका केला होता. तो भिंतीवर धरून वरून कोळशाची पूड थापटली की ठिपक्याठिपक्यांनी खार उमटायची.

मग एकेक कंपनी चित्र काढून टाकून बारीक करडी अक्षरं घेऊ लागली. आपणही मागे राहू नये, अशी टिप्पणी मीच लिहिली. फाटकावरच्या खारीवर पांढरा रंग मारायलाही काकांनाच बोलावलं.

"शेपटी शेवटी पुसतो हं साहेब," ते हसून म्हणाले. जाताना खाका माझ्या टेबलावर ठेवला. "जपून ठेवा. लागेल."

वर्षभरात आमच्यासकट चार कंपन्यांचे दोरे दुकानात वेगळे ओळखू येईनासे झाले. गिऱ्हाइकं खारीचा दोरा मागत आणि आमच्याच डब्या परत करत. खार परत आणायचं ठरलं, तेव्हा मी काकांच्या घरी गेलो. त्यांचा हात आता थरथरत होता.

"मला नुसत्या हातानं जमायची नाही ती," ते म्हणाले. "पण खाक्यावरून आमची सूनबाई रंगवेल. शिकवलंय मी तिला. आणलाय ना?"

खाका मी, काकांनी दिला त्याच आठवड्यात, रद्दीत घातला होता.

"ऑफिसात असेल, शोधतो," मी म्हणालो.

काकांनी लगेच सुनेला ब्रश धुवून ठेवायला सांगितलं. मी मान खाली घालून चपला शोधू लागलो.