बारा आणे नायट्रोजन

अक्कलकुव्याच्या रस्त्यावरचा तो पंक्चरवाला कलिंगड पारखावे तसा टायरवर टिचकी मारून आवाज ऐकतो आणि मगच बोलतो. आप्पा, माझे वडील, गेल्यावर महिन्याभराने मी त्यांची गाडी त्याच्याकडे नेली. धडगावचा घाट चढायचा होता, म्हणून नायट्रोजन भरायला सांगितले.

"त्यानाकरता पहिले जुनी हवा काढनी पडस, सर. साधी हवामा बी बारा आना नायट्रोजनच ऱ्हास."

"असू दे, भरा."

तो चाकाशी बसला, पण व्हॉल्व्हचे टोपण त्याने उघडले नाही.

"हाई हवा आप्पासनी भरी लिधी व्हती," तो खाली बघत म्हणाला. "सोडी देऊ का?"

मी नको म्हणून मान हलवली. त्याने कमी होती तेवढीच साधी हवा भरली.

घाट मी आप्पांच्याच हवेवर चढलो.