मॅडमना सांगितलेला समुद्र

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. हे आम्हाला कळलं ते अंदमानची सहल ठरली त्या दिवशी. गोंदियाच्या कॉलेजात त्यांची बरीच वर्षं गेली होती आणि पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. प्रवाळ शिकवताना त्या असं बोलायच्या, की रोज सकाळी त्याच्या शेजारून चालत येत असाव्यात असं वाटायचं. त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या समुद्रात पाहिलं हे?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुस्तकात. म्हणून तर जायचंय."

मी सौंदडहून रोज रेल्वेनं कॉलेजला जायचे. घरी सांगितलं तेव्हा आई धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कायले जाऊन राहिली वो समुद्रात? आपल्या इकडं तलाव का कमी हायेत?"

"समुद्राच्या खाली जायचं आहे आई. पाठीवर हवेचं सिलिंडर लावून."

"खाली काऊन? वरून नाई दिसत का?"

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "जाऊ दे तिले. पोहता येते तिले." मला गावच्या तलावात ट्यूबवर पालथं टाकून त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. त्यामुळे आमच्या गटात पाण्याची भीती कुणाला नसेल तर ती मला, अशी माझी पक्की समजूत होती.

हावड्यापर्यंत रेल्वे, तिथून विमान, मग बोट. त्या प्रवासातलं आता सलग काही आठवत नाही. आठवतो तो विमानाच्या खिडकीतून दिसलेला निळा रंग, ज्याला कुठेच काठ नव्हता. आणि शेजारी बसलेली माझी देवरीची मैत्रीण. तिच्या घरचे जंगलात तेंदूपत्ता आणि मोहफुलं गोळा करतात. खिडकीला नाक लावून ती हळूच म्हणाली, "आमचं जंगल वरून असंच दिसत असंल का गा?" आमच्याकडे पुरुषांना म्हणतात तो 'गा' मुलींनाही म्हणायची तिची सवय होती. आम्ही दोघी खाली बघत राहिलो.

हॅवलॉक बेटावर सकाळी आम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. शिकवणारी ताई तिथलीच, बंगाली घरातली, आमच्याशी हिंदीत बोलायची. नाक मास्कमध्ये बंद असणार, श्वास तोंडानंच घ्यायचा. कान दुखले तर नाक चिमटीत धरून हवा फुंकायची. अंगठा वर केला की वर जायचं. पोहता यायची गरज नाही, प्रत्येकाला कुणीतरी धरून नेणार आहे. मॅडम नेहमीच्या सुती साडीऐवजी काळ्या रबरी पोशाखात उभ्या होत्या. आम्हाला त्यांच्याकडे बघायला संकोच वाटत होता, त्यांना मुळीच नव्हता. त्यांची अडचण वेगळीच होती. मास्क घालायचा तर चष्मा काढावा लागणार होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही धड ओळखू येत नसे. ताईनं शोधून नंबराचा एक मास्क आणला, पण तो मॅडमच्या निम्म्या नंबराचा निघाला.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी तर दिसेल."

बोट आत नेऊन थांबवली. पहिल्या खेपेला मी आणि मॅडम एकदमच पाण्यात उतरलो. मॅडमना ताईनं घेतलं, मला दुसऱ्या एका दादानं. पाणी डोक्यावरून गेलं आणि माझा श्वास थांबला. पाण्याखाली गेलं की श्वास रोखायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की तोंडात हवेची नळी असूनही मला हवा ओढता येईना. मी अंगठा वर केला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वर येऊन बोटीची शिडी धरली. खाली पाहिलं तर मॅडम ताईचा हात धरून सावकाश उतरत होत्या, जिना उतरावा तशा. त्यांचे बुडबुडे वर येत होते आणि माझ्या पायांपाशी फुटत होते.

मैत्रीण बोटीत तिच्या पाळीची वाट पाहत होती. "काऊन आली वर? तुले तं पोहता येते."

"म्हणूनच बहुतेक," मी म्हटलं.

ती हसली नाही. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून म्हणाली, "बस थोडी. मंग जाय. मी इथंच हावो."

मी बसले. बोट हलकी डुलत होती. मी तोंडानं श्वास घेत राहिले, आत, बाहेर, नुसता तेवढाच. ऊन पाठीवर होतं. हळूहळू तो श्वास माझा मला ऐकू यायला लागला. मी दादाला खूण केली.

दुसऱ्यांदा उतरले तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर वरचं जग गेलं होतं. कसलंच वजन नव्हतं, हातांचं नाही, मनाचं नाही. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खाली वाळूपर्यंत जात होत्या आणि वाळूवर त्यांची जाळी हलत होती. कुठूनतरी सतत बारीक कुरकुर ऐकू येत होती, दूरवर कुणी मुरमुरे खात बसल्यासारखी. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचा एक मोठा गोल दगड दिसला आणि तो दगड नाही हे मला समजलं. पिवळ्या माशांचा थवा माझ्या अंगावर आला, दुभंगला, मागे जाऊन पुन्हा एक झाला. मी त्यांच्या वाटेत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग मॅडम दिसल्या. तिथल्या तळाजवळ त्या आडव्या तरंगत होत्या, दोन्ही हात छातीशी घेऊन. त्यांच्यापुढे झुलणाऱ्या बोटांचं एक फूल होतं आणि त्यात नारिंगी मासे आतबाहेर करत होते. मी अगदी जवळ गेले तेव्हा मला ओळखून त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. किती वेळ आम्ही तशाच होतो कोण जाणे. पाण्यात वेळ चालत नाही, तो नुसता डुलतो.

परतताना बोटीत मॅडम चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या. केसांतून पाणी गळत होतं.

"मला सगळं विरघळल्यासारखं दिसलं," त्या म्हणाल्या. "रंग होते, कडा नव्हत्या. आता तू सांग. सावकाश सांग."

मी सांगायला लागले. हिरवा मासा होता, निळसर कडेचा, तोंड चोचीसारखं.

"पोपटमासा. प्रवाळ खरवडून खातो. आवाज आला का तुला?"

"मुरमुऱ्यांसारखा आला, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. "तो मीपण ऐकला. मला वाटलं माझ्या कानातच आहे." मग म्हणाल्या, "पुढं?"

वाळूत पडलेलं काळं, काकडीसारखं काहीतरी. ओठ किंचित उघडे ठेवून बसलेला भला मोठा शिंपला, आतून जांभळा. मी रंग आणि आकार सांगत गेले, त्या नावं देत गेल्या. एकदा त्या अडल्या. मी सांगितलेल्या पट्ट्यांचा मासा त्यांना कुठल्याच नावात बसवता येईना. त्यांनी मला पुन्हा विचारलं, पट्टे उभे की आडवे, शेपटी कशी. शेवटी म्हणाल्या, "नाही माहीत मला." आणि इतक्या आनंदानं म्हणाल्या, की मैत्रीण वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

गावी आले तेव्हा आमच्या शेतात उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती. मी आईसोबत बांधीत, पाणी साठवलेल्या धानाच्या वाफ्यात उतरले. चिखलात पाय गेले तरी अंग अजून आतून डुलत होतं. रोवणाऱ्या बायांनी विचारलं म्हणून मी वाकूनच सगळं सांगत राहिले, आणि त्या हातातली रोपं लावत ऐकत राहिल्या.

"मासे तुले पाहून पळले नाई?" एकीनं विचारलं.

"नाही पळाले."

"अन् तू?"

"मी आधी पळाले," मी म्हटलं. "मग पुन्हा गेले."

आई पुढच्या ओळीत होती. तिनं कंबर सरळ केली, ओल्या मनगटानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "त्या नारिंगी मासोळ्यांचं सांग. ते फुलात राहते मनतेस ते."

मी रोपांची नवी जुडी मोकळी केली आणि तिच्या बाजूच्या ओळीला लागले.