घड्याळकाकांनी पुसलेलं कार्ड

टायपिंगबाईंना कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर त्या वळूनही बघत नसत. टायपिंगची संस्था बंद पडली, मशीनं भंगारात गेली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर बाई चक्क कॉम्प्युटर दुरुस्ती शिकल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. फोन उचलला की त्यांचं वाक्य ठरलेलं असे, “कशाला हात लावू नका, मी येतेय.”

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला फोन आला तो त्यांच्या शेवटच्या बॅचमधल्या विद्यार्थिनीचा.

“बाई, इंटरनेट गेलंय. अकराला माझी परीक्षा आहे.”

बाईंना सगळं ठाऊक होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून ते टाइप करायचं, एका कंपनीच्या अशा घरबसल्या कामासाठीची ही परीक्षा. मुलांच्या मागे आठ वर्षं घरात काढलेल्या या पोरीनं तीन महिने कान आणि बोटं झिजवून तयारी केली होती. परीक्षा एकदाच, मोबाईलवर चालणार नाही, तारेचं इंटरनेट हवं आणि खोलीत चिडीचूप शांतता हवी, असं कंपनीनं बजावलं होतं.

दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर ते घर. तिचे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं तरी भिंतीवर पाच घड्याळं टोले देत होती. जग त्यांना घड्याळकाका म्हणे. ते दारातच उभे होते आणि आज बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. बाईंना ते खटकलं, पण विचारपूस करायला वेळ कुणाला होता?

पडद्यावर, इंटरनेटची तार जिथे जोडतात त्या नेटवर्क कार्डापुढे पिवळी खूण होती. म्हणजे ड्रायव्हरची भानगड. कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा तो छोटा प्रोग्राम. तो नसला की दोघं एकमेकांशी अबोला धरून बसतात.

“एवढंच ना? अर्ध्या तासात चालू करून देते,” बाई म्हणाल्या.

झाकण उघडून कार्डावरचा नंबर डोळ्यांनी वाचल्याशिवाय निदान करायचं नाही, हा त्यांचा नियम. पण हे कार्ड चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बसवलेलं. वहीत त्यांच्याच अक्षरात नंबर होता. आपल्या अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या? पेनड्राइव्हमधून त्यांनी ड्रायव्हर काढला, घातला आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो सुरू होईपर्यंत सात मिनिटं गेली. पिवळी खूण जागच्या जागी.

काढला, पुन्हा घातला. आणखी सात मिनिटं. खूण ढिम्म हलली नाही. भिंतीवरच्या एका घड्याळानं साडेदहाचा टोला दिला. “बाई, राहू दे का?” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“गप बैस. बोटं गरम कर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. झाकण का नाही उघडलं? चार स्क्रू काढायला जिवावर आलं होतं? त्यांनी झाकण काढलं. आतलं कार्ड नव्या नाण्यासारखं चकचकीत होतं. धुळीचा कण नाही, चिकटवलेली चिठ्ठी नाही, आणि चिपवरचा नंबरही नाही. नुसती काळी, गुळगुळीत चिप.

मग त्यांनी पडद्यावर कार्डाचा तपशील उघडला. वरचा छाप गेला तरी प्रत्येक कार्ड आपला नंबर आत सांभाळून असतं. चार अक्षरं बनवणाऱ्याची, चार कार्डाची. त्यांनी वहीशी ताडून पाहिलं. एकही अक्षर जुळेना.

“हे माझं कार्ड नाही,” त्या हळूच म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. “काका?”

काका पुढे आले. मग त्यांनी खिशातून घड्याळाच्या सुट्या भागांची चपटी डबी काढली. आत पातळ कागदात गुंडाळलेलं जुनं कार्ड होतं, तान्ह्या बाळासारखं.

“सरावात तिचं इंटरनेट दोनदा मध्येच तुटलं,” ते म्हणाले. “रडली होती स्वयंपाकघरात. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचं कार्ड चांगलं होतं. काल ते काढलं, स्पिरिटनं पुसलं आणि बसवलं. पुसल्याशिवाय मी आयुष्यात कुठला भाग बसवला नाही, बाई. जुनंच परत लावतो.”

“ते बिघडलेलं, ते कशाला लावायचं? हेच चालवू,” बाई म्हणाल्या. त्यांना म्हाताऱ्याची कीव आली, हसू आलं आणि मायाही वाटली, सगळं एकदमच. त्यांच्या पेनड्राइव्हमधले कप्पे कंपनीच्या नावानं नव्हते, याच आतल्या नंबरांनी लावलेले होते. नावापेक्षा अक्षरन् अक्षर बघायची, टायपिंग शिकवताना लागलेली सवय. ती आठ अक्षरं शोधायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. ड्रायव्हर बसला. पिवळी खूण गेली आणि मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“घे,” बाई उठत म्हणाल्या. “आणि माझ्या संस्थेचं नाव घालवू नकोस.”

पोरीनं वाकून त्यांचा हात घट्ट धरला, मग कानाला हेडफोन लावले. अकराला सात मिनिटं कमी होती.

बाईंनी दार अलगद ओढून घेतलं. बाहेर काका स्टुलावर चढले होते. एकेका घड्याळाचा लंबक ते दोन बोटांनी धरून थांबवत होते. चार थांबली होती, पाचवं राहिलं होतं. या घरात पन्नास वर्षांत एकही घड्याळ मिनिटभरही बंद पडू दिलं नाही, अशी त्यांची शेखी साऱ्या गल्लीला पाठ होती. पाचव्याचा लंबक थांबला. घर एकदम इतकं शांत झालं की बंद दाराआडून बोटांची टकटक ऐकू आली. न अडखळणारी, बाईंनीच शिकवलेली.

दोघंही ती ऐकत उभी राहिली. बऱ्याच वेळानं काका बाईंच्या मनगटाकडे वाकले.

“वाजले किती हो?” त्यांनी कुजबुजत विचारलं.