फोनवरची ‘मी’

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचं ऑक्सिजनचे सिलिंडर भरून देण्याचं काम आहे. आमचं म्हणजे मालकांचं. मी तिथलं ऑफिस सांभाळतो, आणि ऑफिसात जे बंद पडेल ते माझ्या गळ्यात येतं. हॉस्पिटलं सोडली तर घरी ऑक्सिजनवर असलेले पेशंटही आमच्याकडून सिलिंडर घेतात. त्यातल्या बहुतेकांना आमचा एकच नंबर पाठ, लँडलाइनचा. तो वाजला की भिंतीवरचा ईपीएबीएक्सचा डबा फोन आतल्या टेबलांवर वाटून देतो. डबा गेला की आम्ही मुके.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नव्हे. डब्यातल्या सगळ्या सेटिंगची एक कॉपी ऑफिसात, दुसरी बेलवलीला माझ्या घरच्या कपाटात, बायकोच्या पैठणीच्या घडीत. उल्हासनगरच्या सिंधी डीलरकडे जादा डबा सांगून ठेवलेला. आणि तो येईपर्यंत मेन नंबर माझ्या मोबाइलवर वळवायचा. याची मी अधूनमधून रंगीत तालीम घ्यायचो. लोक टर उडवायचे. “साहेब, आज काय, भूकंप की पूर?” उडवू देत. एका शहाण्याने तर मला ‘आपत्ती’ असं नावच ठेवलं होतं.

नवरात्र नुकतं संपलं होतं. परतीच्या पावसात भर दुपारी जवळच कुठेतरी वीज पडली, खिडक्या थरथरल्या आणि डब्यातून जळकट वास यायला लागला. सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. डीलरला फोन लावला तर तो म्हणाला, “साईं, टेन्शन नही लेनेका. मशीन मरता है, नंबर थोडीच मरता है? तुम्ही वळवा, मी दुसरा डबा घेऊन निघालोच.”

मी नंबर वळवला. थोड्याच वेळात माझ्या शर्टाच्या खिशात आख्खं ऑफिस वाजायला लागलं. योजना माझीच, तालमी मीच घेतलेल्या, तरी अंगावर काटा आला. डबा समोर जळून काळा पडलेला आणि त्याचा नंबर माझ्या छातीवर धडधडत होता. मी दोन हॉस्पिटलांच्या ऑर्डरी उभ्यानेच घेतल्या.

मग एका बाईचा फोन आला. आवाज म्हातारा. “हॅलो, मी बोलतेय. ह्यांची टाकी संपत आलीय, काटा लालवर गेला. दुसरी धाडा लवकर.”

“कुठून बोलताय?”

“शिरगावातनं, आनि कुठनं?” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी परत लावायला गेलो आणि थंडगार पडलो. वळवलेल्या प्रत्येक फोनला पडद्यावर आमच्याच ऑफिसचा नंबर दिसत होता. आजवर रिंग वाजली की टेबलावरच्या फोनवर पेशंटचं नाव उमटायचं, ते त्या डब्याच्या पोटातून यायचं. आपल्याकडे फोनवर नाव सांगतो कोण? ‘मी बोलतोय’ म्हटलं की समोरच्याने ओळखायचं, नाही ओळखलं तर राग. माझ्या तालमीत फोन करणारे सगळे ऑफिसातलेच होते, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नाही. आणि शिरगाव म्हणजे आता काय गाव राहिलंय? टॉवरच टॉवर, आणि त्यांत आमचे पेशंट ठिकठिकाणी.

टेम्पोवाल्याला सिलिंडर घेऊन पिटाळलं. “तू शिरगाव गाठ, घर वाटेत सांगतो.” माझा मोबाइल मोकळा ठेवला आणि टायपिस्टबाईंच्या मोबाइलवरून, रजिस्टरात बघून, शिरगावातल्या एकेका पेशंटच्या घरी फोन लावू लागलो. “टाकी मागवलीत का?” “नाही हो, पण विचारलंत, बरं वाटलं.” प्रत्येक घरात मागे ऑक्सिजनचा तोच बारीक सूं सूं आवाज. इतकी वर्षं मी तारा, बॅटऱ्या आणि कॉप्या सांभाळत होतो. त्या तारांच्या टोकाला इतके श्वास टांगलेले आहेत, हे माझ्या कानांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दोन घरांत कोणी फोन उचलला नाही, आणि अजून बरीच नावं बाकी होती.

माझा मोबाइल वाजला. “मी बोलतेय. निगाली का गाडी?”

“गाडी शिरगावातच आहे आजी, ठेवू नका! नाव सांगा.”

“माजा नाव कशाला? टाकी ह्यांच्या नावावर हाय.”

“मग त्यांचं सांगा.”

मला वाटलं, लाइन गेली. मग कळलं, ती आहे. सत्तरीची बाई, लग्नाला पन्नासेक वर्षं तरी झाली असतील, आणि या माणसाला ती आयुष्यभर ‘हे’ आणि ‘ह्यांना’च म्हणत आली असणार. हळदीकुंकवाला नाव घेतलं असेल तेवढंच, तेही उखाण्याच्या आडून. “आजी,” मी म्हणालो, “घ्या हो नाव. त्यांच्यासाठीच घ्या.”

तिने घेतलं. उखाणा नाही, काही नाही. नाव, वडलांचं नाव, आडनाव, स्वच्छ आणि मोठ्याने, जणू गर्दीत हाक मारतेय. मी आयुष्यात इतकं मोठं काही ऐकलेलं नाही. ते शेजारी टायपिस्टबाईंनाही ऐकू गेलं, आणि त्यांनी रजिस्टरात बघून तेवढ्यात टेम्पोवाल्याला घर सांगितलंसुद्धा.

मी फोन तोडला नाही. जिन्यात पावलं वाजली, लादीवरून टाकी सरकली, चावी फिरली आणि सूं सूं सुरू झालं. बराच वेळ फक्त तेच ऐकू येत होतं. मग मास्कच्या आतून एका पुरुषाचा तुटक आवाज आला. “परत... एकदा घे ना... माजा नाव.”

“गप बसा,” ती म्हणाली, “आधी दम घ्या.”